माझ्या अर्जात मी एकटीच पडले होते

(हिंगोली जिल्ह्यातील आरोग्य सेविका, आशा, अंगणवाडी कार्यकर्त्या आणि कंत्राटी कामगार बायांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'कामावर असताना इजा झाली तर बाईनं काय करायचं' या विषयावर मी बोलावं, असं मला सांगण्यात आलं आहे. मी वकील नाही. तीस वर्षांहून जास्त काळ मी आरोग्य सेविका होते. नोकरीला लागले तेव्हा आपला जिल्हा परभणी होता. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला आणि मुख्यालय जवळ आलं, एवढंच. उपकेंद्रावरचा चिखल होता तिथंच राहिला. कायदा मी पुस्तकातून शिकले नाही, हात मोडल्यावर शिकले. म्हणून आधी त्या हाताची गोष्ट सांगते.

२०११ चा पावसाळा होता. औंढा तालुक्यातल्या एका वाडीवर लसीकरणाचं सत्र आटोपून आम्ही दोघी परत निघालो होतो, मी आणि गावची आशा. तिच्या मांडीवर लसीचा डबा, माझ्याजवळ रजिस्टरं. एसटी निघून गेलेली, म्हणून काळीपिवळी रिक्षा धरली. काळ्या मातीचा रस्ता, एका पुलाजवळ चाक घसरलं आणि रिक्षा उलटली. माझं उजवं मनगट मोडलं. तिचं हासळीचं हाड मोडलं. तशा अवस्थेत मी वर फोन लावला, तर पहिला प्रश्न आला, "डबा शाबूत आहे ना?" डबा शाबूत होता. तिनं तो पडतानासुद्धा सोडला नव्हता.

चौथ्या दिवशी मी रजेचा अर्ज दिला. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, त्यामुळे मजकूर एका ओळखीच्या लिपिकाकडून लिहून घेतला. 'मी लसीकरण सत्र आटोपून परतत असताना रिक्षा उलटून माझ्या हातास दुखापत झाली आहे, तरी रजा मंजूर व्हावी.' अर्ज बरोबर होता. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त त्या अर्जात मी एकटीच पडले होते.

मला आधी अर्जित रजा टाकायला सांगितलं. पुढे संघटनेतल्या एका ताईंनी नियम दाखवला, मी पुन्हा अर्ज केला, आठ महिने खेटे घातले आणि रजा बदलून मिळाली. औषधोपचाराच्या बिलातलेही काही पैसे आले. आशाताईला काय मिळालं? तिला मानधनसुद्धा नव्हतं, कामावर पैसे होते. काम नाही तर पैसे नाहीत. तीन महिने ती घरी बसली. मदत मागायला गेली तेव्हा तिला दोन उत्तरं मिळाली. एक, तुम्ही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहात. दोन, अपघाताच्या कागदात तुमचं नाव नाही. पहिल्या उत्तराला मी जबाबदार नव्हते. दुसऱ्याला होते.

ती माझ्यावर रागावली नाही. एकदा सत्र चालू असताना सहज म्हणाली, "सिस्टर, तुमच्या कागदात मी रिक्षात नव्हतेच का?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आज जे सांगणार आहे, ते त्या प्रश्नासाठी सांगणार आहे.

एकच रस्ता, एकच रिक्षा, पण दोघींसाठी सरकारची दारं वेगवेगळी. म्हणून पहिली गोष्ट ही की, आपण कागदावर कोण आहोत हे प्रत्येकीनं आजच बघून ठेवायचं. कायम कर्मचारी, कंत्राटी, ठेकेदाराकडची, की मानधनावरची? इजा झाल्यावर हे शोधत बसायला वेळ नसतो.

कायम नोकरीतल्या बाया

शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या कायम कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. त्यात 'विशेष विकलांगता रजा' नावाची रजा आहे. कर्तव्य बजावताना किंवा कर्तव्यामुळे इजा झाली तर ती मिळते. चोवीस महिन्यांपर्यंत मिळू शकते आणि सर्वसाधारणपणे तुमच्या खात्यावरच्या रजेतून वजा होत नाही. कितीतरी बाया आपली साठवलेली रजा या दुखण्यात घालवतात, कारण ही रजा आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. पण तिला दोन अटी आहेत. इजेचा परिणाम घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दिसायला हवा आणि तुम्ही ती गोष्ट तत्परतेने वरिष्ठांना कळवलेली हवी. 'बघू, दुखणं थांबेल' असं म्हणत गप्प बसलेली बाई इथं अडकते. आणि गप्प बसायची सवय आपल्याला चांगली लावलेली असते.

उपचाराच्या खर्चासाठी महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१ आहेत. प्रत्येक बिल, प्रत्येक चिठ्ठी, दवाखान्यातून सुटी मिळाल्याचा कागद जपून ठेवा. राज्य कर्मचाऱ्यांसाठी समूह वैयक्तिक अपघात विमा योजनाही आहे. तिची वर्गणी पगारातून कापली जाते. आपल्या पगारपत्रकात ती कपात आहे का ते बघा. कपात होते आणि घरच्यांना पत्ताच नसतो, असं घडता कामा नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इजेनं कायमचं अपंगत्व आलं तर 'आता तुम्हाला काम जमणार नाही, स्वेच्छानिवृत्ती घ्या' असं गोड बोलून सुचवलं जातं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम २० वाचा. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेनं काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचं दुसरं काम द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर जादा पद निर्माण करून तिला त्यावर ठेवायचं. ही तरतूद १९९५ च्या कायद्यातही होती. तेव्हा स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करण्याआधी हे कलम समोर ठेवा.

नुकसानभरपाईचा कायदा

कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ चा, इंग्रजांच्या काळातला. २०१० पासून त्याचं नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालं. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली. पण त्याआधीच्या अपघातांचे दावे चालूच आहेत आणि कायद्याचा गाभाही तोच आहे, म्हणून तो समजून घ्या.

कामातून आणि कामाच्या ओघात अपघात झाला तर मालकानं भरपाई द्यायची. चूक कुणाची, हा इथं मुख्य प्रश्न नाही. दारू पिऊन, किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडून इजा झाली तर मालक बोट दाखवू शकतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तेही चालत नाही. 'तुझंच लक्ष नव्हतं' हे उत्तर म्हणून पुरत नाही. मालक म्हणजे फक्त कारखानदार नव्हे. सरकारी खातं किंवा स्थानिक संस्था आपलं जे काम करते ते या कायद्यापुरतं तिचा धंदाच धरलं जाई. मात्र कुठली कामं कायद्याच्या कक्षेत येतात याची यादी होती. आपलं काम तिच्यात बसतं का, हे वकिलाला विचारावं लागतं.

रकमेचा हिशेब ऐका. समजा चाळीस वर्षांची बाई आहे, महिना १०,००० रुपये पगार. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्के, म्हणजे ६,००० रुपये, गुणिले चाळिशीचा ठरलेला अंक १८४.१७. होतात ११,०५,०२० रुपये. मृत्यू झाला तर पगाराच्या ५० टक्के धरून ९,२०,८५०. पगार कितीही असला तरी हिशेबाला धरायची कमाल मर्यादा २०२० साली १५,००० रुपये ठरली होती. भरपाई महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना रखडवली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. आता सांगा, 'पाच हजार घे आणि सही कर' म्हणणाऱ्याला का सही द्यायची? आणि दिलीच असेल, तरी घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार या कायद्यानं रद्दबातल ठरतो.

'पूर्ण अपंगत्व' म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या. दाखल्यावरचे टक्के वेगळे आणि कमाईची ताकद किती गेली ते वेगळं. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला. उजवा शाबूत होता. सर्वोच्च न्यायालयानं १९७० च्या दशकात त्याच्या बाजूनं निकाल दिला: एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व. तेव्हा आपलं काम काय आहे आणि ते कुठल्या हातानं, कुठल्या पायानं होतं, हे डॉक्टरांना आणि न्यायाधीशांना सांगायची लाज धरू नका.

ठेकेदाराकडच्या बायांसाठी एक गोष्ट. सरकारी दवाखान्यात झाडलोट करणारी बाई ठेकेदाराची असते, पण काम दवाखान्याचं असतं. ठेकेदार हात वर करतो, दवाखाना ठेकेदाराकडे बोट करतो. कायद्यानं दावा मूळ मालकावरही करता येतो. पुढे त्यानं ठेकेदाराकडून वसूल करावं, तो त्यांचा हिशेब. आणि नर्स म्हणून सांगते, कचऱ्याच्या पिशवीतली वापरलेली सुई टोचली तर जखम लगेच साबणपाण्यानं धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या लवकरात लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. काविळीचीही चौकशी करा. सुई टोचल्याची नोंद त्याच दिवशी लिहून घ्या. टोचलेल्या जागेची खूण दोन दिवसांत जाते, कागद राहतो.

रस्त्यावरचे अपघात

आपल्यातल्या बहुतेकींना इजा होते ती रस्त्यावर. सेनगावहून वाडीवर, कळमनुरीहून तांड्यावर. कामाला जाता-येताचा अपघात कामावरचा धरायचा का, यावर वर्षानुवर्षं भांडण होतं. आपल्या मराठवाड्यातलीच एक केस आहे, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली. साखर कारखान्याचा पहारेकरी, पहाटे तीनची पाळी. २२ एप्रिल २००३ ला मोटारसायकलवरून कामाला निघाला आणि वाटेत अपघातात गेला. आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. २०११ मध्ये उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं कुटुंबाच्या बाजूनं निकाल दिला: वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध जुळत असेल तर जाण्या-येण्यातला अपघातही कामाच्या ओघातलाच. नव्या संहितेत तर ही गोष्ट लिहूनच टाकली आहे. त्या कुटुंबाला बावीस वर्षं लागली. पण ती बावीस वर्षं ते टिकले, म्हणून आज आपल्याला बोलता येतं.

अपघात दुसऱ्याच्या वाहनामुळे झाला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडेही जाता येतं. पण दोन्हीकडे नाही, एक दार निवडावं लागतं. कुठलं फायद्याचं ते वकिलाला विचारून ठरवा. मुदतीचं भान ठेवा. मोटार दाव्याला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर आपण बसू नये. १९२३ च्या कायद्यात दावा दोन वर्षांच्या आत करायचा होता. उशिराला सबळ कारण असेल तर आयुक्त माफी देऊ शकत. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात चौकशी करा.

मानधनावरच्या बाया

आता माझ्या आशाताईकडे येते. अंगणवाडी १९७५ पासून आहे, आशा २००५ पासून. काम सरकारचं, नोंदवह्या सरकारच्या, ओरडा सरकारचा. इजा मात्र स्वतःची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविकेचं पद हे सरकारी नागरी पद नाही, असं ठरवलं. तिथंच सगळं संपलं असं वाटत होतं. पण बाया लढत राहिल्या आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयानं सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल दिला. करोनाच्या काळात आशांना ५० लाखांच्या विम्यात घेतलं गेलं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कर्तव्यावर असताना अपघाती मृत्यू झाल्यास आशा आणि गटप्रवर्तकांच्या कुटुंबाला १० लाख आणि कायमच्या अपंगत्वाला ५ लाख देण्याचा निर्णय घेतला, १ एप्रिल २०२४ पासून. चांगलं झालं. पण हाड जुळेपर्यंत तीन महिने चूल कशी पेटायची, हा प्रश्न उरतोच. त्या प्रश्नावर संघटनेनं बोललं पाहिजे.

कुणी म्हणेल, दारच नाही तर ठोठावायचं कशाला? मला राजस्थानच्या भंवरीदेवी आठवतात. त्याही सरकारी कार्यक्रमातल्या मानधनावरच्या 'साथीन'. बालविवाह थांबवायला गेल्या, ते त्यांचं कामच होतं, आणि त्या कामाचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. त्यांना कामावर झालेल्या या जखमेसाठी कुठल्याही कायद्यात दार नव्हतं. बायांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९७ मध्ये विशाखा निकाल आला, २०१३ मध्ये कायदा आला. भंवरीदेवींना स्वतःला त्यातून न्याय मिळाला नाही. पण त्यांनी तक्रार नोंदवली होती, त्यावर ठाम राहिल्या होत्या, म्हणून पुढच्यांना दार झालं.

पहिल्या आठ दिवसांत

मी आता साध्या गोष्टी सांगते, लिहून घ्या. इजा झाली की दवाखान्यात केसपेपर काढताना 'ड्युटीवर असताना' हे शब्द लिहायला लावा. पडले, एवढंच लिहू देऊ नका. रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसात नोंद करा. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, वरिष्ठांना लेखी कळवा: तारीख, वेळ, जागा, कुठल्या कामाला आणि कुणाच्या आदेशानं गेला होता. निवडणुकीच्या कामावर असाल तर तो आदेश जोडा. निवडणूक आयोगाची सानुग्रह मदत वेगळी असते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. बाहेर पडताना हालचाल नोंदवहीत नोंद करा. आणि कोण कोण सोबत होतं त्या सगळ्यांची नावं लिहा. कायम असो, मानधनावरची असो, ठेकेदाराची असो.

ही शेवटची ओळ सांगायला मी इथं आले आहे. माझ्या अर्जात 'माझ्यासोबत गावच्या आशा कार्यकर्ती होत्या, त्यांच्याही हाडास दुखापत झाली आहे' एवढं एक वाक्य असतं तर तिला लगेच पैसे मिळाले असते, असं मी म्हणत नाही. आशा कायद्यात बसतात की नाही याची लढाई तेव्हाही होती, आजही आहे. पण त्या लढाईला पुरावा लागतो आणि तिचा पुरावा माझ्या हातात होता. मी आठ महिने माझ्या रजेमागे धावले. एकदाही तिच्यासाठी दुसरा कागद लिहिला नाही. मला वाटलं, ते माझं काम नाही. कायम नोकरीतल्या बाईला असं वाटतं, हेच सांगायला मला इतकी वर्षं लागली.

निवृत्त होण्याआधी मी तिला एक लेखी निवेदन दिलं. त्या दिवशी ती माझ्यासोबत होती, डबा तिच्या मांडीवर होता, तिचं हाड मोडलं, असं सहीनिशी लिहून दिलं. मुदत केव्हाच गेली होती, हे दोघींनाही माहीत होतं. तिनं ते वाचलं आणि घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं. तिचा हात अजूनही खांद्याच्या वर जात नाही. घागर डोक्यावर घ्यायला दुसरीचा हात लागतो.

म्हणून माझी सूचना आहे. आपल्या पाचही तालुक्यांत, प्रत्येक गटानं एक अपघाताची वही ठेवावी. शाळकरी वही चालेल. कुणाला काय लागलं, कुठं, कुठल्या कामावर, सोबत कोण, कागद कुठं दिला, पोच मिळाली का. गटातल्या सगळ्यांनी त्यावर सह्या करायच्या. जिला लिहिता येत नाही तिनं अंगठा द्यायचा. जिल्ह्यात किती बाया कामावर मोडतात, हे आज कुणीच सांगू शकत नाही, कारण ते कुणी लिहिलेलंच नाही. पुढच्या बैठकीला येताना वही सोबत आणा. पहिल्या पानावर २०११ चा आमचा अपघात मी स्वतः लिहीन, दोघींच्या नावानं.